केळीबनाचं पाणी

संक्रांतीची कर उलटली आणि दुसऱ्याच सकाळी पहिल्या एसटीनं महादेवकाका येऊन उतरले, तेव्हा वच्छलानं ओळखलं की आता हे काही टळत नाही. पाऊस जाऊन कितीतरी महिने झाले होते, तरी काकांच्या काखेत छत्री होती. अंगात परीटघडीचा सदरा, डोक्याला फेटा. धाड गावाहून एवढ्या लांब ते काही तिळगूळ खायला आले नव्हते. तिच्या सासऱ्यांचे, भगवंतरावांचे हे चुलतभाऊ. भावकीतली कुठलीही वाटणी त्यांच्याशिवाय होत नसे, आणि त्यांनी वाटणी केल्यावर त्या घरातले भाऊ पुन्हा एका पंगतीला बसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“हिंमत कोठी हाय?” ओसरीवर टेकता टेकता त्यांनी विचारलं.

“गोठ्यात हायेत,” वच्छलानं नवऱ्याचा ठावठिकाणा सांगितला.

“अन् उत्तम?”

“भाऊजी मांगच्या खोलीत.”

“म्हणजे बोलणं बंदच हाय म्हना.”

वच्छलानं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. बोलणं बंद होतं हे खरं, पण ते एका बाहेरच्या माणसानं येऊन असं मोठ्यानं म्हणावं, याचा तिला राग आला. राग आला की ती कामाला लागायची. ती तशीच आत गेली आणि चुलीत जास्तीचं लाकूड सारलं.

भांडण संत्र्यावरून होतं. म्हणजे वरवर संत्र्यावरून. खोलात जायचं तर ते केळीपासून सुरू झालं होतं.

गावापासून थोडं लांब, सातपुड्याच्या अंगाला नाल्याकाठी जे वावर आहे, तिथं भगवंतरावांनी तरुणपणी केळी लावल्या. त्याआधी या मुलखात फळ म्हणजे देवानं दिलं तेवढं खायचं. परसातला पेरू, बांधावरचा आंबा, नाल्यातली सीताफळं. फळासाठी कुणी विहिरीचं पाणी मोजत नसे. भगवंतराव रावेरकडे एका लग्नाला गेले, तिथं केळीच्या बागा बघून आले आणि पुढच्याच महिन्यात केळीचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेली पोरं, गाडीत घालून आणली. त्यांच्या कारभारणीनं, अन्नपूर्णाबाईंनी, ती नाल्यापलीकडून डोक्यावर वाहिली. लोक हसले. मग घड रेल्वेच्या डब्यात बसून दिल्लीकडे जायला लागले, तेव्हा हसणाऱ्यांनीच मुनवे मागून नेले. संग्रामपूरच्या भोवती जिकडे बघावं तिकडे केळी झाल्या. पुढं विहिरी खोल गेल्या, एका वैशाखात वावधन असं सुटलं की उभी बाग आडवी झाली, आणि ज्या झपाट्यानं केळी आल्या होत्या त्याच झपाट्यानं त्या शिवारातून हटत गेल्या. अन्नपूर्णाबाई तोवर हयात नव्हत्या, ते एक बरंच झालं.

महाराष्ट्र झाला त्या साली धाकटा उत्तम अकोल्याच्या शेतकी शाळेतून शिकून आला आणि त्याच वावरात त्यानं अचलपूरकडची संत्र्याची कलमं लावली. हिंमतराव तेव्हा ताडकन म्हणाले होते, “केळ सालाच्या साली देते. हे तुह्यं संत्र जवान होईलोक आमी म्हातारे होऊन जाऊ.” भगवंतराव मात्र नुसतं “हूं” म्हणाले. तेव्हापासून आजवर, झाडं डोक्याएवढी झाली, आजूबाजूच्या चार गावांतले लोक कलमं कुठून आणली म्हणून विचारत दारात येऊ लागले, तरी बापानं त्या बागेबद्दल ‘हूं’च्या पुढं अक्षर काढलं नव्हतं. उत्तमनं ते कधी बोलून दाखवलं नाही. पण वच्छलाला ठाऊक होतं. सासू गेली तेव्हा उत्तम लहान होता आणि कितीतरी दिवस वच्छलाच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपत होता. त्याच्या पोटातलं तिला न सांगता कळायचं.

यंदा बागेचा पहिला भरवशाचा बहार धरायचा होता. त्यासाठी थंडीत झाडांचं पाणी तोडायचं, म्हणजे ताण द्यायचा. पानं मलूल होतात, पिवळी पडून गळतात, आणि मग एकदम पाणी सोडलं की झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. उत्तमनं हे सगळं घराला जेवताना समजावून दिलं होतं, शाळेत शिकवतात तसं.

“झाडाले वाटलं पाह्यजे का आता आपण मरतो. मंग थे फुलते,” तो म्हणाला होता.

“मराले टेकलेल्याले पाणी पाजा लागते,” हिंमतराव म्हणाले होते. “मले तं एवढंच शिकवेल हाय.”

नेमका हाच शब्द पुढं अंगाशी आला. उत्तम फवारणीचं औषध आणायला अकोल्याला गेला. घरचे सगळे लांबच्या काळ्या वावरात कापूस वेचणीला. तो परतला तर अर्ध्याहून जास्त बागेत झाडांभोवतीची आळी ओली, आणि थोड्या दिवसांत फुलाच्या जागी झाडांना हिरवीगार पालवी फुटली. ताण तुटला होता. आंब्या बहार, म्हणजे थंडीच्या ताणावर धरायचा तो बहार, हातचा गेला. विहिरीवरच्या इंजिनाचं हँडल हिंमतरावांच्या खोलीत खुंटीला असायचं. उत्तमनं जेवता जेवता विचारलं, “दादा, पाणी काऊन सोडलं?” आणि हिंमतरावांनी ताट सारून दिलं. त्या दिवसापासून दोघं भाऊ एकाच घरात राहून एकमेकांना परके झाले होते.

स्वयंपाकघरात शालू, उत्तमची बायको, भाकरी थापत होती. डोळे लाल. चुलीच्या धुरानं झाले असं म्हणायची सोय होती म्हणून बरं.

“बाई,” ती म्हणाली, “चूल येगळी झाली तं भाकरी कोण करीन? माह्या अजून गोल येत नाहीत.”

“तुह्या नवऱ्याले मंग रोज नकाशे खा लागतीन,” वच्छला म्हणाली. “शिकेल माणूस हाय, वाचून घेईन.”

शालूला हसू आलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली. वच्छलानं वांगं निखाऱ्यावर फिरवलं आणि राखेनं भरलेल्या हातानंच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“यायले वाटते दादांनीच केलं,” शालू नाक ओढत नवऱ्याबद्दल म्हणाली.

“अन् तुले काय वाटते?”

“मले वाटते दोघंही येडे हायेत.”

“मंग तुले समजलं घर,” वच्छला म्हणाली.

बाहेरून काकांची हाक आली. “वच्छलाबाई, भगवंत कोठी हाय? त्याच्यासमोर झालं पाह्यजे सारं.”

“मामाजी बागेत हायेत, काकाजी. बोलावून आणतो मी.”

सासऱ्यांना ती मामाजी म्हणायची. ते हल्ली रोज सकाळी भाकर बांधून, चारायला म्हणून बैल घेऊन बागेत जात आणि दिवस कलल्यावर येत. घरातल्या धुसफुशीला कंटाळून जात असतील, असं सगळ्यांनी धरलं होतं.

नाल्याच्या चढावर आली आणि तिच्या कानावर कुरकुर आली. आवाज ओळखीचा होता, पण कशाचा ते चटकन ध्यानात येईना. मग आलं. मोटेच्या चाकाचा. इंजिन आल्यापासून ती लोखंडी मोट विहिरीच्या कडेला नुसती पडून होती. वच्छला झपझप चालत वर गेली. धावेवर, मोटेच्या बैलांच्या उतरत्या वाटेवर, भगवंतराव बैल हाकत होते. धोतराचा काचा मारलेला, बाह्या भिजलेल्या, आणि थारोळ्यात धबधबा पाणी पडून पाटानं संत्र्याच्या झाडांकडे निघालेलं.

“मामाजी!” ती ओरडलीच.

त्यांनी मागं वळून बघितलं आणि तोंडभर हसले. “आली का, हिंमतच्या माय? भाकर आणली?”

वच्छलानं आधी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. या घरात हिंमतची माय म्हणून एकाच बाईला हाक मारली जायची, आणि ती जाऊन वर्षं लोटली होती.

“पाह्य, केळी कशा मान टाकून बसल्या,” संत्र्याच्या झाडांकडे हात करून ते म्हणाले. “त्या रोजी एवढं पाणी देल्लं, तरी तहानेल्या. पोरं कापूस कापूस करत तिकडं उंडारतेत. अवो, केळीले तहान लागली का घड भरत नाही, हे कितीक डाव सांगतलं त्यायले.”

मागच्या कितीतरी गोष्टी तिला एकदम आठवल्या. भाजीत दोनदा मीठ घातलं ते. मेलेल्या बैलाला हाका मारल्या ते. एकदा तर दारातून घरात यायचं विसरून अंगणातच उभे राहिले होते, आणि ती त्यांना हसली होती. म्हातारपणाची लहर म्हणून ती हसण्यावारी नेत आली होती, आणि इकडे हा माणूस एकटाच जुन्या दिवसांत जाऊन पोचला होता.

तिनं काही सुधारून सांगितलं नाही. पुढं होऊन बैलांचं जू सोडवलं. “घरी चाला. धाडचे काका आलेत.”

“महादेव? त्याचं काय काम? कोणाची वाटणी हाय?”

“कोणाचीच नाही,” वच्छला म्हणाली, आणि तिनं बैल घराच्या वाटेला लावले.

परत येताना भगवंतराव पुढं चालत होते. ताठ. वाटेत निवृत्ती कुंभार भेटला, त्यानं वाकून राम राम घातला. गावात कुणाचं बांधावरून बिनसलं, लग्नात अडलं, की लोक यांच्याकडे यायचे. भगवंतराव बोलले म्हणजे झालं, असा त्यांचा शब्द. आज तिनं ओसरीवर खरं सांगितलं तर उद्या सारं गाव म्हणेल, म्हातारा भ्रमला. पोरं हसतील. ज्या माणसानं तिला सून म्हणून आणलं आणि कधी एका शब्दानं दुखवलं नाही, त्याला ती आपल्या तोंडानं असा उघडा पाडणार होती? आणि नाही सांगितलं तर तिचा नवरा भावाच्या लेखी खोटा ठरणार, आणि जो दीर तिच्या पदराला धरून वाढला तो उद्यापासून दुसऱ्या चुलीवर जेवणार. घराच्या दारापर्यंत तिनं यातलं एकही टोक सोडलं नाही. उंबऱ्याशी मात्र तिचं ठरलं.

ओसरीवर काकांनी घोंगडी अंथरून घेतली होती. एका कडेला हिंमतराव भिंतीकडे तोंड करून, दुसऱ्या कडेला उत्तम खांबाला टेकून. भगवंतराव मधे येऊन बसले, समोरच्या वाटीतला तिळगूळ तोंडात टाकला आणि दात नसलेल्या बाजूनं चघळत राहिले. वच्छला आणि शालू आतल्या दाराशी उभ्या राहिल्या.

“बोला,” काका म्हणाले. “उत्तम, तुले काय पाह्यजे?”

“मले काही नाही पाह्यजे, काका. दादानं एकडाव कबूल करावं, एवढंच.”

“काय कबूल करू?” हिंमतराव भिंतीशी बोलले. “म्या पाणी देल्लंच नाही.”

“मंग इंजिन काय आपल्या आपण सुरू झालं?”

“हँडल माह्या खुटीले होतं, हातात नव्हतं.”

“तुमाले पयल्यापासून थे बाग नको होती, दादा. साफ म्हणा ना.”

“नको होती. हाव, नको होती! पण उभ्या बहारावर पाणी फिरवाले मी काय तुह्या दुश्मन हाय काय बे? तुले खांद्यावर बसवून त्याच वावरात नेत होतो मी.” हिंमतराव आता वळले होते. “काका, करून टाका. बाग त्याले, विहीर त्याले, इंजिन बी त्याले. मले काळं वावर पुरे. ज्या घरात सख्खा भाऊ झूट बोलते म्हणते, त्या घरात मले पाणी बी गोड लागत नाही.”

उत्तमनं मान खाली घातली, पण शब्द मागं घेतला नाही. काकांनी घसा खाकरला. त्यांचं हे घसा खाकरणं म्हणजे वाटणीची सुरुवात, हे भावकीत सगळ्यांना माहीत होतं.

“पाणी म्या देल्लं,” वच्छला म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. शालूनं तिचा हात धरला.

“तुम्ही?” उत्तम उठून उभा राहिला. “वहिनी, काऊन उगाच? इंजिन सुरू झालं तं तुम्ही कानावर हात ठेवता. तुमाले हँडल फिरवता तरी येते काय?”

“इंजिन कायले लागते? मोट हाय ना.”

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं की हे बोलायला नको होतं. मोटेचं नाव या घरात कित्येक वर्षांत कुणी काढलं नव्हतं. काकांचं खाकरणं मधेच थांबलं. हिंमतराव बायकोकडे बघतच राहिले.

“तू? मोट हाकली?”

“हाकली. झाडं सुकेल दिसली, जीव राह्यला नाही माह्या. काऊन, बैल काय मले ओळखत नाहीत?” ती रेटून बोलली. एकदा खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं, असा तिचा स्वभाव होता.

आणि तेवढ्यात काठी आपटली.

“काय बोलून राह्यली तू, हिंमतच्या माय!” भगवंतरावांचा आवाज ओसरीवर असा घुमला की पूर्वीचे भगवंतराव आठवावेत. “भगवंत जिता हाय अजून! माह्या घरच्या बाईमाणसानं मोट हाकली हे गावानं ऐकलं तं तोंड कोठी दाखवू मी? मोट म्या हाकली. दोन्ही बैल घेऊन म्या हाकली. केळी सुकून राह्यल्या होत्या, या पोरायचं ध्यान नाही, मंग कोण पाणी देईन?”

‘हिंमतच्या माय’ ऐकून हिंमतरावांनी चमकून वच्छलाकडे पाहिलं होतं. तिनं डोळ्यांनीच त्यांना विनवलं, काही बोलू नका. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

उत्तमला समजायला थोडा वेळ लागला. तो हळूहळू बापासमोर खाली बसला. “कोणत्या केळी, बाबा?”

“कोणत्या म्हंजे? नाल्याकाठच्या. तुह्या मायनं डोक्यावर मुनवे आणले, थे इसरला काय? तू तव्हा कडेवर होता.”

उत्तमला खोटं चालत नसे. कुणी चुकीचं खत म्हटलं, चुकीची तारीख म्हटली, तर जेवणातून उठून तो बरोबर काय ते सांगायचा. आता तो सांगणार, बाबा, केळी गेल्या, आई गेली, ती माझी संत्र्याची झाडं होती. त्याचं तोंड उघडलं होतं.

“इसरलो नाही, बाबा,” तो म्हणाला. “बरं झालं तुम्ही होते. नाहीतं सुकल्याच असत्या.”

“मंग!” भगवंतराव विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे बघत म्हणाले. “अन् तुम्ही बसले इथं भांडत.”

त्यांच्या खांद्यावरची धाबळी घसरली होती. उत्तमनं ती नीट केली आणि मग त्याला तिथं बसवेना. हिंमतराव त्याच्या आधीच उठून गोठ्यात गेले होते. तोही गेला. स्वयंपाकघराच्या झरोक्यातून वच्छलाला दिसत होतं, बैलाच्या एका अंगाला थोरला, दुसऱ्या अंगाला धाकटा, आणि दोघंही बैलाची पाठ खाजवत होते. बैलानं आयुष्यात एवढे लाड करून घेतले नसतील.

“दादा,” शेवटी उत्तमचा आवाज आला. “म्या तुमाले...”

“जाऊ दे बे.”

“नाही, पण म्या...”

“अबे जाऊ दे म्हणतो ना.” मग थोड्या वेळानं, “कधीपासून असन हे?”

“मालूम नाही. वहिनीले मालूम असन.”

“तिले सारंच मालूम राह्यते,” हिंमतराव म्हणाले. वच्छला झरोक्यापासून बाजूला झाली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तिच्याबद्दल त्यांनी असं कुणाजवळ बोललेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ओसरीवर काका छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांच्यासमोर भगवंतराव भिंतीला टेकून डुलकी घेत होते. लहानपणी हे दोघं एकाच आंब्यावर चढले होते आणि एकाच फांदीवरून पडले होते, असं सांगत.

“मंग माह्यं काय काम राह्यलं?” काका वच्छलाला म्हणाले.

“जेवा काकाजी. भरीत केलं.”

“वच्छलाबाई,” त्यांनी आवाज अगदी बारीक केला, “हे या घराबाहीर माह्या तोंडून नाही जाणार. भगवंत माह्या भाऊ हाय.” आणि मग डोळे पुसायचे ते फेट्याचं टोक सारखं करायच्या निमित्तानं पुसले. वाटण्या करणाऱ्या माणसाला रडताना दिसणं परवडत नाही.

त्या दिवशी सगळे एका पंगतीला बसले. उत्तमच्या ताटात शालूची भाकर पडली, तिला तीन कोपरे होते. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाला, “हे कोणता तालुका म्हणाचा?” हिंमतरावांना ठसका लागला. भगवंतरावांना काही कळलं नाही, पण सगळे हसतात म्हणून तेही हसले.

पुढं माघात एके दिवशी दोघं भाऊ सकाळीच बैलगाडी जुंपून निघाले. कुठं जाता म्हणून विचारलं तर हिंमतराव म्हणाले, “येतो.” परतले तेव्हा गाडीत केळीचे मुनवे होते. आता या भागात केळी फारशा उरल्या नव्हत्या, त्यामुळे ते बऱ्याच लांबून आणावे लागले. केळी लावायची ही वेळही नव्हे, पण उत्तमनं, ज्याला वेळ चुकलेली खपत नाही त्या उत्तमनं, विहिरीच्या थारोळ्याशी स्वतः खड्डे खणले. हिंमतरावांनी एकेक मुनवा ठेवला. संत्र्याच्या बागेकडे जाणारा जुना पाट त्यांनी मातीनं बुजवला आणि मोटेचं पाणी फक्त या ओळीला जाईल असा नवा पाट काढला. इंजिन आणि त्याचं पाणी वेगळ्या अंगानं. मग उत्तम घरी येऊन म्हणाला, “आंब्या गेला तं गेला. उन्हाळ्यात ताण देऊ अन् मृगाच्या पाण्यावर बहार धरू. संत्र काही आपल्याले सोडून जात नाही.” हे तो बायकोला सांगत होता, पण बघत थोरल्या भावाकडे होता. हिंमतराव म्हणाले, “हँडल तुह्या खोलीत ठेव.” उत्तम म्हणाला, “राहू द्या, तुमच्याच खुटीले.”

वैशाख सरत आला. केळी कमरेएवढ्या झाल्या होत्या आणि विहिरीपाशी तेवढाच एक हिरवा पट्टा दिसत होता. पलीकडे संत्र्याची बाग ताणावर, पानं गुंडाळलेली, जमीन भेगाळलेली. भगवंतराव सकाळच्या उन्हात थोडी मोट हाकायचे, मग केळीपाशी बसायचे. विहिरीला पाणी कमी होतं, म्हणून हिंमतराव मोट अर्धीच भरू देत. भगवंतरावांना ते कळत नसे.

त्या दिवशी वच्छला भाकर घेऊन गेली. बांधाच्या पलीकडे उत्तम कुदळीनं आळी खणत होता. मृग जवळ आला होता.

“आली का, हिंमतच्या माय?”

पहिल्या दिवशी या हाकेला तिनं मागं वळून पाहिलं होतं. आता तिनं पाटी खाली ठेवली आणि त्यांच्या बाजूला बसली.

“हाव,” ती म्हणाली. “आली.”

त्यांनी पाटात हात धुतले. भाकर हातात घेतली, पण खाईनात. संत्र्याच्या झाडांकडे बघत राहिले. वच्छलाला वाटलं, आता म्हणतात, केळी सुकल्या.

“एक सांगतो,” ते म्हणाले. “पाट त्या अंगाले फुटू देऊ नको. तिकडं उत्तमची संत्र हायेत. ताणावर हायेत सध्या. एक थेंब पाणी जाऊ द्याचं नाही.”

“पण सुकून राह्यली ना झाडं,” वच्छला म्हणाली.

“सुकू दे. त्याचं थो पाहून घेईन. त्याले समजते.” भगवंतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. “लय चांगली बाग केली त्यानं. सारं शिवार त्याच्या मांगं लागलं. म्या कधी म्हटलं नाही त्याले. आपल्या पोराले तोंडावर काय म्हणाचं? तू सांगजो.”

बांधापलीकडची कुदळ थांबली होती. वच्छलानं तिकडं बघितलं. उत्तम वाकलेला होता तसाच वाकून राहिला होता, खालच्या ढेकळाकडे बघत, आणि मग त्यानं कोपरानं तोंड पुसलं. घाम होता म्हणायची सोय होती, वैशाखाचं ऊन होतं.

“सांगतो,” वच्छला म्हणाली आणि तिनं सासऱ्यांच्या भाकरीवर ठेचा वाढला.